विश्लेषण : तेराव्या वर्षी खेळाडू ‘निवडला’ जातो, तेव्हा नेमके काय ठरते?

भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतून दरवर्षी काही मुले-मुली क्रीडा प्रबोधिनी, लष्कराची क्रीडा कंपनी, तालीम किंवा निवासी अकादमीची वाट धरतात. आठव्या ते चौदाव्या वर्षी होणाऱ्या या निवडीचे नियम काय आणि पालकांनी काय तपासायचे?

चैत्र-वैशाखात भोर आणि वेल्हे तालुक्यांत गावोगावच्या यात्रा सुरू होतात. पालखी, छबिना झाला की दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्त्यांचा आखाडा भरतो आणि त्याची सुरुवात लहान पोरांच्या, रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी होते. गावाला त्या कुस्त्यांची मजा वाटते. कडेला बसलेले वस्ताद मात्र त्याच कुस्त्या नीट पाहत असतात. कोणते पोर पाठीवर पडता पडता वळते, कोण हरल्यावरही पुन्हा जोड मागते, हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही. संध्याकाळी त्या पोराच्या बापाशी बोलणे होते आणि जूनमध्ये दहा-अकरा वर्षांचा मुलगा पत्र्याची पेटी घेऊन कात्रजला, पुण्यातल्या पेठेतल्या तालमीत किंवा थेट कोल्हापूरला जातो.

महाराष्ट्रातली ही सर्वांत जुनी क्रीडाभरती. कागद नाही, करार नाही. वस्तादाचा शब्द आणि घरच्यांचा खुराक यांवर सगळे चालते. दूध, तूप, बदाम यांचा खर्च घरचाच असतो आणि मुलगा मोठा होतो तसा तोही वाढत जातो. एखादी म्हैस कमी पडली तर मुलगा परत येतो. त्याचा हिशोब कुठे लिहिलेला नसतो.

गेल्या तीन दशकांत या वाटेला इतर वाटा येऊन मिळाल्या. त्या सरकारी आहेत, लष्करी आहेत आणि आता खासगीही. पद्धती वेगळ्या असल्या तरी वय मात्र तेच राहिले, किंबहुना आणखी खाली गेले.

कोण निवडते आणि कोणत्या वयात?

राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत मुला-मुलींना साधारण आठ ते चौदा या वयात घेतले जाते. राहणे, जेवण, शाळा आणि प्रशिक्षण यांचा खर्च शासन करते. पुण्यात बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडापीठात ही सोय आहे आणि राज्यात इतरत्रही प्रबोधिन्या आहेत. राष्ट्रीय पातळीवर चमकलेल्या थोड्या मोठ्या मुलांसाठी सरळ प्रवेश आणि खेळनिहाय कौशल्य चाचणी असे मार्ग आहेत. पण मूळ दार लहान वयाचेच.

लष्कराच्या ‘बॉईज स्पोर्ट्स कंपनी’साठीही मुले साधारण आठ ते चौदा या वयातच निवडली जातात. पुण्यातील आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट हे त्याचे मोठे केंद्र. तिथल्या मैदानाला २०२१ मध्ये नीरज चोप्राचे नाव देण्यात आले. तिरंदाजी, अॅथलेटिक्स, मुष्टियुद्ध, डायव्हिंग, तलवारबाजी, वेटलिफ्टिंग, कुस्ती या खेळांत येथे मुले घडवली जातात. मुलगा दहावीपर्यंत शिकतो आणि निकषांत बसला तर साडेसतराव्या वर्षी सैन्यात दाखल होतो. म्हणजे अकराव्या वर्षी घेतलेला हा निर्णय प्रत्यक्षात नोकरीचाही असतो. अलीकडे मुलींसाठीही अशा कंपन्या सुरू झाल्या आहेत.

केंद्र सरकारने १२ मार्च २०२४ रोजी ‘कीर्ती’ हा गुणवत्ता-शोध कार्यक्रम सुरू केला, त्याचा वयोगट ९ ते १८. ‘खेलो इंडिया’त निवड झालेल्या खेळाडूला प्रशिक्षणाव्यतिरिक्त महिना १० हजार रुपये खर्चासाठी मिळतात. भातशेती आणि दूध यांवर चालणाऱ्या घरात हा आकडा लहान नाही.

याशिवाय खासगी निवासी शाळा, अकादम्या आणि दहावीनंतर पुण्यातली कनिष्ठ महाविद्यालये आहेतच. शालेय स्पर्धांत संघ जिंकायचा असेल तर चांगला कबड्डीपटू किंवा खो-खोपटू दुसऱ्या शाळेतून आणणे हा सर्वांत जवळचा रस्ता असतो. शुल्कमाफी, वसतिगृह, बूट, किट अशा स्वरूपात तो प्रस्ताव येतो आणि तो बहुतेक वेळा तोंडी असतो.

भोर-वेल्ह्यातून मुले का जातात?

२०११ च्या जनगणनेनुसार भोर तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ८६ हजार, तर वेल्ह्याची, म्हणजे आता राजगड असे नाव मिळालेल्या तालुक्याची, जेमतेम साडेचोपन्न हजार. राजगड, तोरणा, रोहिडा, रायरेश्वर यांच्या उतारांवर आणि भाटघर, नीरा देवघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी या धरणांच्या कडेने विखुरलेल्या वाड्यांतली ही वस्ती. पावसाळ्यात मैदाने चिखलात जातात. कागदावर पुणे पन्नास-साठ किलोमीटरवर आहे. पण रोज संध्याकाळी सरावाला जाऊन परत येण्याइतके जवळ नाही. ज्याला गंभीरपणे खेळायचे आहे, त्याला घर सोडण्यावाचून पर्याय राहत नाही.

शाळेच्या पातळीवर गाळणी मात्र नीट लावलेली आहे. जिल्हा परिषद शाळांतली मुले यशवंतराव चव्हाण कला-क्रीडा महोत्सवात केंद्र, बीट, तालुका अशा पायऱ्या चढत जिल्ह्याला येतात. पुढे क्रीडा विभागाच्या शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन गटांत तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्रीय स्तरापर्यंत जातात. वाडीतून आलेली पोर धावते तेव्हा तिच्याकडे पहिल्यांदा लक्ष जाते ते तालुक्याच्या मैदानावर.

घरच्यांचे गणित पदकाचे क्वचितच असते. दहावी-बारावीला स्पर्धेच्या पातळीनुसार जास्तीत जास्त २५ सवलतीचे गुण, शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण, पोलीस किंवा सैन्यभरतीत मैदानी चाचणी सोपी जाणे, असे ते गणित आहे. त्यात चूक काही नाही. ऑलिम्पिक पदक जिंकणारा स्वप्नील कुसाळेही २०१५ पासून मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता.

चाचणीत काय मोजतात आणि काय मोजत नाहीत?

प्रबोधिनीची ‘बॅटरी टेस्ट’ पालकांनी समजून घेण्यासारखी आहे. उंची, वजन, ३० मीटर फ्लाइंग स्टार्ट, ६ गुणिले १० मीटर शटल रन, ८०० मीटर धावणे, जागेवरून लांब उडी, जागेवरून उंच उडी, मेडिसिन बॉल फेक आणि पुढे वाकून लवचिकता अशा नऊ गोष्टी त्यात पाहतात. यात एकही खेळ नाही हे लक्षात घ्यायला हवे. चाचणी कच्चा माल मोजते आणि कोणता खेळ द्यायचा ते नंतर ठरते.

कुसाळेचे उदाहरण इथेच महत्त्वाचे. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या या मुलाला २००९ मध्ये शिक्षक असलेल्या वडिलांनी क्रीडा प्रबोधिनीत घातले. वर्षभर सर्वसाधारण शारीरिक प्रशिक्षण झाल्यावर त्याने नेमबाजी निवडली. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह त्याला कांस्यपदक मिळाले. खाशाबा जाधव यांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. प्रवेश आणि पदक यांत पंधरा वर्षे गेली. आठशे मीटर धावणे आणि मेडिसिन बॉल यांतून जागतिक दर्जाचा नेमबाज ओळखता येतो असे कुणीही म्हणणार नाही. पण त्याला त्या दारातून आत घेतले गेले आणि मग खेळ निवडायला वेळ मिळाला. योजनेचा खरा फायदा हा वेळ आहे. पहिल्याच दिवशी मुलाच्या हातात एकच खेळ देणाऱ्या आणि तिसऱ्या महिन्यात स्पर्धेला उतरवणाऱ्या अकादमीत नेमका तोच नसतो.

दुसरे टोक अविनाश साबळेचे. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याचा हा धावपटू बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचिनसारख्या ठिकाणी राहिला, २०१५ मध्ये लष्कराच्या क्रॉस कंट्री शर्यतींकडे वळला आणि स्टीपलचेस त्यानंतर आली. २०२४ मध्ये पॅरिस डायमंड लीगमध्ये त्याने ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम नोंदवला. ज्या शर्यतीने त्याला नाव दिले, ती त्याच्या आयुष्यात विशीनंतर आली. आठ ते चौदाच्या कोणत्याही चाळणीला ती दिसली नसती.

तेराव्या वर्षी पुढे असलेले मूल अठराव्या वर्षीही पुढे असते का?

बऱ्याचदा नाही, आणि त्याचे कारण शरीरात आहे. मुलींची उंची सर्वाधिक वेगाने वाढते ती साधारण बाराव्या वर्षी, मुलांची चौदाव्या. पण हे सरासरीचे आकडे. एकाच वर्गात एका मुलाची वाढ बाराव्या वर्षीच होऊन जाते, तर दुसऱ्याची पंधराव्याला सुरू होते. चौदा वर्षांखालील स्पर्धेत पहिला मुलगा दुसऱ्याला सहज उचलून आपटतो. त्याला लोक गुणी म्हणतात. खरे तर तो लवकर वाढलेला असतो. तीन वर्षांनी दुसरा त्याला गाठतो. तोवर पहिल्याची निवड झालेली असते आणि दुसऱ्याने खेळ सोडलेला असतो. मुलींच्या बाबतीत उलटही घडते. अकराव्या वर्षी वाऱ्यासारखी धावणारी मुलगी तेराव्या वर्षी, शरीर बदलताना, काही काळ मंदावते. हे नैसर्गिक आहे हे माहीत नसलेला प्रशिक्षक तिला आळशी ठरवतो, आणि पाळीविषयी बोलायला वसतिगृहात बाई नसेल तर ती गप्प राहते.

त्यात जन्मतारखेचा प्रश्न. शालेय स्पर्धांचे वय १ जानेवारीला मोजले जाते, त्यामुळे जानेवारीत जन्मलेले आणि डिसेंबरमध्ये जन्मलेले मूल एकाच गटात खेळते. बारा वर्षांच्या वयात अकरा महिने म्हणजे बरेच अंतर. जगभरच्या वयोगट संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुले जास्त आढळतात ती यामुळेच. आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. आधीच्या पिढ्यांत शाळेत नाव घालताना गुरुजी सर्रास १ जून ही जन्मतारीख लिहीत. आजही कित्येक आजोबांचे वाढदिवस त्याच दिवशी येतात. आता जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते आणि ग्रामपंचायतीचा दाखला सहज मिळतो. तरी उशिरा काढलेला किंवा शाळेच्या नोंदीशी न जुळणारा दाखला निवडीच्या दिवशी संशय निर्माण करतो. वयचोरी रोखण्यासाठी केंद्राने २०१० मध्ये राष्ट्रीय संहिता आणली. डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय ठरवणारी ‘टीडब्ल्यू-३’ पद्धत क्रिकेटसह अनेक खेळांत वापरली जाते. ‘दोन वर्षे कमी लावा, पुढे बघू’ असे कुणी सुचवत असेल, तर त्या एक्स-रेपुढे उभे राहायचे आहे ते मुलाला, सुचवणाऱ्याला नव्हे.

एकाच खेळात फार लवकर अडकवू नये, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितले. त्यांच्या मते पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत थांबणे बरे. क्रीडावैद्यकातला एक साधा ठोकताळाही आहे : मुलाचे वय जितके, त्याहून जास्त तास आठवड्याला संघटित सराव नको. बारा वर्षांच्या मुलाला बारा तास. सकाळी तीन आणि संध्याकाळी तीन तास घाम गाळून घेतो अशी जाहिरात करणारे केंद्र हा आकडा दोन दिवसांत संपवते.

बाकी जगात काय झाले?

अमेरिकेत महाविद्यालयीन खेळ हा कोट्यवधी डॉलरचा व्यवहार आहे आणि तिथे वय खाली नेण्याची शर्यत फार पुढे गेली होती. फेब्रुवारी २०१० मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक लेन किफिन यांनी डेव्हिड सिल्स या तेरा वर्षांच्या, सातवीतल्या क्वार्टरबॅकला शिष्यवृत्तीचा शब्द दिला आणि त्याने तो स्वीकारला. देशभर बातमी झाली. २०१३ मध्ये किफिन यांनाच विद्यापीठाने काढले. सिल्स अखेर वेस्ट व्हर्जिनियाला गेला आणि तिथे क्वार्टरबॅक म्हणून नव्हे, तर पास झेलणारा खेळाडू म्हणून त्याने नाव कमावले. म्हणजे शब्द देणारा गेला, विद्यापीठ बदलले आणि ज्या कौशल्यासाठी तेराव्या वर्षी निवड झाली होती, तेही बदलले.

अशा तोंडी शब्दांना कायदेशीर वजन नसते. पण कुटुंबे त्यावर घरे हलवत, शाळा बदलत. अखेर तिथल्या ‘एनसीएए’ या महाविद्यालयीन क्रीडा संस्थेने २०१७ मध्ये लॅक्रॉससाठी आणि पुढच्या दोन वर्षांत बहुतेक खेळांसाठी नियम केला : साधारण दहावी संपेपर्यंत प्रशिक्षकांनी विद्यार्थ्याशी भरतीविषयी बोलायचेच नाही. बंधन मुलांवर न घालता प्रशिक्षकांवर घातले, हे त्यातले शहाणपण. फुटबॉलमध्ये ‘फिफा’च्या नियमांनुसार काही अपवाद वगळता अठरा वर्षांखालील खेळाडूचे आंतरराष्ट्रीय हस्तांतर करता येत नाही. हा नियम मोडल्याबद्दल २०१४ मध्ये बार्सिलोनासारख्या बलाढ्य क्लबवर खेळाडू घेण्यास बंदी आली.

भारतात प्रवाह उलट दिशेचा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये बिहारच्या वैभव सूर्यवंशीला राजस्थान रॉयल्सने १ कोटी १० लाखांना घेतले तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. २८ एप्रिल २०२५ रोजी त्याने ३५ चेंडूंत शतक ठोकले. ती खेळी विलक्षण होती यात शंका नाही. मात्र तिचा दाखला देऊन गावोगावच्या अकादम्या शुल्क गोळा करू लागतात, तेव्हा पालकांनी एवढे आठवावे की सूर्यवंशी एक आहे.

आपल्याकडे कायदा काय सांगतो?

कोणत्या वयापासून मुलाला गाठावे, याविषयी कायदा गप्प आहे. २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. महिला आणि अल्पवयीन खेळाडूंच्या सुरक्षेच्या धोरणाची त्यात तरतूद आहे; पण निवडीच्या किमान वयाचा विषय त्यात नाही. तरीही पालक अगदी निराधार नाहीत.

भारतीय करार कायदा १८७२ नुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीला करार करता येत नाही. अल्पवयीन व्यक्तीने केलेला करार मुळातच निरर्थक, हे १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मोहरीबीबी प्रकरणात स्पष्ट केले आणि तेच आजही लागू आहे. म्हणून तेरा वर्षांच्या मुलाकडून ‘पाच वर्षे आमच्याकडूनच खेळेन’ असे लिहून घेतलेल्या कागदाने मुलगा बांधला जात नाही. पालकाने स्वतःच्या नावावर हमीपत्र दिले असेल तर गोष्ट वेगळी. मध्येच सोडल्यास इतका खर्च भरून देईन, अशी ओळ त्यात असेल तर ती रक्कम पालकाकडे मागितली जाऊ शकते. सही करण्याआधी ते हमीपत्र तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या वकिलाला दाखवायला फारसा खर्च येत नाही.

दुसरा प्रश्न शाळेच्या दाखल्याचा. चांगला खेळाडू जाऊ नये म्हणून शाळेने दाखला अडवल्याच्या तक्रारी पालक करतात. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम ५ नुसार आठवीपर्यंतच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदलून जाण्याचा हक्क आहे आणि मुख्याध्यापकाने दाखला तातडीने द्यायचा असतो. टाळाटाळ केल्यास शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. दाखला उशिरा आला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. हाच नियम परतीच्या प्रवासालाही लागू पडतो, हे फार थोड्यांना माहीत असते.

तिसरी बाब सुरक्षेची. घरापासून दूर, प्रशिक्षकाच्या शब्दावर संघातली जागा अवलंबून असलेले मूल सर्वांत असुरक्षित असते. २०१२ चा पॉक्सो कायदा अठराखालील प्रत्येक मुला-मुलीला लागू आहे. कुस्तीची तालीम किंवा क्रिकेटची अकादमी त्याला अपवाद नाही. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. केंद्र पाहायला गेल्यावर मैदान सगळेच दाखवतात. पालकांनी वसतिगृह पाहावे : रात्री मुलांसोबत कोण झोपते, मुलींच्या इमारतीत महिला अधीक्षक मुक्कामी असतात का, घरी फोन कधी आणि कुणासमोर करता येतो, मूल जखमी झाले तर कोणत्या दवाखान्यात नेतात आणि बिल कोण भरते.

आणि वगळले तर?

हा प्रश्न प्रवेशाच्या दिवशी कुणी विचारत नाही, कारण तो अपशकुनी वाटतो. पण वगळणे हा या सगळ्या योजनांचा नेहमीचाच भाग आहे. खेलो इंडियाच्या शिष्यवृत्तीधारकांचा आढावा ठरावीक काळाने घेतला जातो आणि कामगिरी घसरलेल्यांची नावे कमी होतात. प्रबोधिनीतही प्रगती न दिसणाऱ्या मुलांना परत पाठवले जाते. लष्कराच्या कंपनीत वैद्यकीय कारणाने वाट बंद होऊ शकते. तालमीत तर एक मोडलेला खांदा पुरेसा असतो.

परत येणारे मूल बहुधा आठवी ते दहावीच्या मध्ये असते. गणित आणि इंग्रजी दोन वर्षे मागे पडलेले, जुन्या वर्गातले मित्र पुढे गेलेले. ज्याच्या निवडीचा फलक चौकात लागला होता, तो सत्राच्या मध्यात परत आल्याची बातमीही त्याच चौकात फिरते. काही घरे या लाजेपोटी मुलाला परत आणतच नाहीत; दुसऱ्या, तिसऱ्या अकादमीत पैसे भरून ठेवतात.

म्हणून केंद्र निवडताना पदकांच्या फोटोंपेक्षा दहावीचा निकाल मागितलेला बरा. गेल्या तीन वर्षांत तुमच्याकडची किती मुले दहावीला बसली, किती पास झाली, मुले कोणत्या शाळेच्या पटावर आहेत आणि त्या शाळेत ती खरोखर किती दिवस जातात, याची उत्तरे चांगल्या केंद्राकडे तयार असतात. पटावर नाव एका गावात आणि मूल दुसऱ्या गावात अशी सोय करणाऱ्याकडून मूल परत येते तेव्हा त्याच्या हाती धड दाखलाही नसतो.

नववीनंतर शाळा तुटलीच, तर राज्य मंडळाच्या दहावीला खासगी विद्यार्थी म्हणून बसता येते. त्यासाठीचा अर्ज म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला ‘सतरा नंबरचा फॉर्म’. तो परीक्षेच्या बरेच महिने आधी, मंडळाने जाहीर केलेल्या मुदतीत ऑनलाइन भरावा लागतो. सोबत शाळा सोडल्याचा दाखला जोडायचा असतो, म्हणून पेटी भरताना मूळ दाखल्याच्या दोन सत्यप्रती घरी काढून ठेवाव्यात.